दर्याबागेची दुपार

दर्याबाग, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर १९२७

चि. सदू यास सगुणाआक्काचे आशीर्वाद.

बाबांच्या दिवसांना तू पोचला नाहीस याचा राग मी धरलेला नाही. श्रावणात बोटी बंद, घाटाने चिखल तुडवत तू येणार कधी आणि आम्ही थांबणार किती. अग्नी धाकट्या काकांनी दिला. बाकी सगळं तुझ्या भावोजींनी निस्तरलं. त्यांना घरजावई म्हणून हसणारे तेरा दिवस गप्प होते, तेवढीच बाबांची पुण्याई.

बागेचं काय झालं ते तू विचारलं नाहीस, पण सांगते. मालक बेहरामशेटचं मुंबईहून पत्र आलं होतं, की दसऱ्यापर्यंत कोणी भरवशाचा माळी उभा राहिला नाही तर पुण्याहून माणूस पाठवतो. म्हणजे आम्ही हे घर सोडायचं. म्हणून केरू गुरवाला बोलावून नाव सांगून घेतलं.

ते तुला आठवतं का? ही बाग काढणाऱ्या मूळ साहेबाने कातळ फोडला, मचव्यांतून माती आणली, टप्पे बांधले, तळं खणलं, आणि तीन वर्षं एक काडी रुजली नाही. मग पणजोबांनी वरच्या टप्प्यावरच्या राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून आपलं नाव सांगितलं आणि सुरूचं पहिलं झाड जगलं. तेव्हापासून एक माळी गेला की दुसऱ्याचं नाव सांगायचं, आणि रोज बारापासून सावली कलेपर्यंत फाटक लावून बाग राखणदाराची राखणदाराला सोडायची. तू या सगळ्याला हसायचास. बाबा तुझं नाव सांगायला निघाले त्याच आठवड्यात तू बोट पकडलीस, त्याला सहा वर्षं झाली.

तर ते पार पडलं. बाग आपल्याकडेच राहिली. बाकीचं भेटीत सांगेन. तू खाऊनपिऊन असतोस ना?

तुझी,
आक्का

•

माझगाव, मुंबई
२० नोव्हेंबर १९२७

तीर्थरूप सौ. आक्कास सदूचा साष्टांग नमस्कार.

भावोजी आता दर्याबागेचे मुख्य माळी, तेव्हा त्यांना मुजरा सांग. रविवारी कोर्टातले कारकून बायकामुलं घेऊन बाग बघायला आले की त्यांच्यासमोर मिशीला पीळ द्यायला विसरू नका म्हणावं.

मी मजेत आहे. वर्कशॉपात मला फिटरचं काम मिळालं. जेवण गंगुबाईंच्या खाणावळीत. बाई राजापूरची, आमटीत नारळ सोडते, म्हणून आम्ही कोकणातले सगळे तिथेच पडलेले असतो.

एक गंमत झाली आहे. मला दुपारी झोप लागायला लागली. बाराचा भोंगा झाला की डबा उघडायच्या आत डोळे मिटतात. मुकादम म्हणतो, "सदू, तू झोपतोस ते डोळे उघडे ठेवून. बघायला भ्या वाटतं." उठतो तेव्हा अंग असं मोडून आलेलं असतं की जणू शिफ्ट झोपेतच केली. आणि नखांत लाल माती. इथे माती आहे कुठे, आक्का? इथे लोखंड, तेल आणि कोळसा. घासूनसुद्धा जात नाही. बाबा दुपारी झोपायचे नि दमून उठायचे, त्यांना मी आळशी म्हणायचो. आता मीच त्यांचा मुलगा शोभतो.

सदू

•

दर्याबाग
१४ जानेवारी १९२८

चि. सदूस आशीर्वाद.

तिळगूळ वेगळा धाडला आहे, डब्यात मुंग्या गेल्या तर पोस्टमनला शिव्या दे, मला नको. लाल माती म्हणतोस तो गंज असणार. लोखंडात हात घालणाऱ्याला दुसरं काय मिळणार? लिंबू चोळ आणि रात्री वेळेवर झोप, म्हणजे दुपारी डोळे मिटणार नाहीत.

बाग यंदा अशी धरली आहे की बघत राहावं. पण भावोजी जरा घाबरले आहेत. त्यांनी न केलेलं काम होतं. दुपारी फाटक लावून हे जेवायला येतात, सावली कलली की परत जातात, तर कधी गुलाब छाटलेले, कधी तळ्याकाठचे नेचे साफ केलेले. मागच्या आठवड्यात हापूसची सात भेटकलमं बांधलेली सापडली. बांधायला वापरलेलं केळीचं सोपट बघितलं तर उलट्या अंगाने गुंडाळलेलं. डावऱ्या माणसाने बांधावं तसं.

बाबा उजव्या हाताचे. तरी मी ह्यांना म्हटलं, बाबाच असतील. वर जाऊन हात बदलला असेल, एवढं काय. आपलं काम हलकं होतं आहे, बेहरामशेट खूश आहे, त्याने ह्यांना नवा कोट पाठवला. फुकटची माणसं मिळाल्यावर तक्रार कसली करायची? मी रोज फाटकाशी वाटीभर दूधभात ठेवते. तो मात्र कोणी शिवत नाही, तसाच राहतो.

आक्का

•

माझगाव, मुंबई
९ मार्च १९२८

तीर्थरूप आक्कास,

हे पत्र मी सकाळी लिहितो आहे, कारण मला आता फक्त सकाळ आणि संध्याकाळ मिळते.

हसू नकोस. आधी अर्धा तास जायचा. आता मीच अकराला जातो आणि तीनला परत येतो. कुठे जातो ते मला ठाऊक नाही. मंगळवारी हजेरीपटावर माझ्यापुढे गैरहजर लिहिलं. मी मुकादमाला म्हटलं, मी इथेच लेथपाशी उभा होतो. शेजारच्या रामाने शपथ घेतली की लेथ बंद होतं आणि तिथे कोणी नव्हतं. रामा माझा दोस्त आहे, खोटं बोलणार नाही. काल सुट्टी होती, मी दुपारी खाणावळीत जाऊन पाटावर बसलो. गंगुबाईंनी माझ्या दोन्ही बाजूंना वाढलं, मला नाही. मी "बाई, भात" म्हटलं तर त्यांनी पदर सावरून दार लावून घेतलं, वारा आला असं समजून. त्यांची भाची विमला आहे, ती तेवढी माझ्या पाटाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली.

मी वाळलो आहे. हाताला फोड आले आहेत, कुदळीने येतात तसे. लेथने ते येत नाहीत.

आणि एक विचारतो, त्याचं खरं उत्तर दे. मधल्या टप्प्याची तिसरी पायरी निखळली आहे का? तळ्याच्या कडेला सुरू पडला, त्याच्या जागी उंडीचं रोप लावलं आहे का? मला हे कोणी सांगितलेलं नाही. मी सहा वर्षांत बाग बघितलेली नाही. तरी पायरी निखळली आहे हे माझ्या पायाला माहीत आहे.

सदू

•

दर्याबाग
२ एप्रिल १९२८

सदू बाळा,

पायरी निखळली आहे. उंडीचं रोप आहे. ते आम्ही लावलेलं नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि ऐन दुपारी जाऊन फाटकाच्या फटीला डोळा लावला. जन्मात कधी केलं नव्हतं. आत पान हलत नव्हतं. समुद्र समोर दिसत होता, लाटा फुटत होत्या, पण आवाज येत नव्हता. मेंदीच्या कुंपणापाशी कोणी तरी पाठमोरं वाकलं होतं. निळा सदरा, पाठीवर तेलाचे डाग. डाव्या हाताने मेंदी कातरत होतं. घरात डावरा तूच, आणि मान बघून तर मी ओळखलंच. ती मान मी तुझी आई गेल्यापासून न्हाऊ घातली आहे, माझी पण आई तीच, पण तू तेव्हा दीड वर्षाचा होतास.

मी हाक मारली. तू वळलास. माझ्याकडे बघितलंस ते झाडाकडे बघतात तसं, कुठे कापायचं ते ठरवत. मग पुन्हा कामाला लागलास.

आता ऐक. मी तुझ्यापासून लपवलं. दसऱ्याला केरूने तुझ्या भावोजींचं नाव सांगितलं, कौल लावला. दगडाला चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावीकडची पडली. म्हणजे राखणदार नाही म्हणाला. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा डावी. भावोजी लांज्याकडचे, बाहेरचे. घर जाणार हे मला दिसायला लागलं. मी म्हटलं, माझ्या भावाचं नाव सांगा. केरू म्हणाला, "तो हय नाय." मी म्हटलं, नाव तर आहे ना? नावाला काय लागतं, तो मुंबईत सुखी राहील आणि काम हे करतील. उजवी पाकळी लगेच पडली. मला वाटलं, मी मोठी हुशार.

परवा केरूकडे गेले. तो म्हणाला, "नाव दिलास म्हंजे हात दिलास गो, सगुणे. तुझ्या बापाचा हात पन तो दुपारचा नेत होता. पन बाप हितंच निजलेला असायचा. हाताला लांब जावा लागत नव्हता. ह्याला मुंबैवरना येवा लागतो. किती दिवस पुरंल?"

आणखी एक आहे, ते लिहावं की नाही कळत नाही. वरच्या टप्प्यावर राखणदाराशेजारी एक खड्डा खणलेला सापडला. कलमाचा खड्डा तीन फूट चौकोनी असतो. हा लांबट आहे. ह्यांनी बुजवला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा उघडा.

तू जिथे आहेस तिथेच थांब. मी काही तरी करते. माझ्यामुळे हे झालं, मला क्षमा कर म्हणायलासुद्धा तोंड नाही.

आक्का

•

माझगाव, मुंबई
१२ मे १९२८

आक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागाने ते फाडलं आणि मग चिकटवून पुन्हा वाचलं. नाव माझं होतं. विचारायचं तरी होतंस. ज्या गोष्टीपासून मी पळालो तीच तू माझ्या मागे धाडलीस, आणि वर तिळगूळ धाडलास.

तो राग आता उरलेला नाही, आणि त्याचीच मला काळजी वाटायला हवी. आता मी दिवसाचे दोनतीन तासच इथला असतो. मुकादमाने नाव कमी केलं. खोलीतल्यांनी माझी वळकटी दाराबाहेर ठेवली, मी गावी गेलो असं समजून. विमला रोज सकाळी भाकरी आणून देते आणि मी ती खाईपर्यंत माझं मनगट धरून बसते. तिने सोडलं की मी पातळ होतो.

पण आक्का, तिथे मला बरं वाटतं. तिथली माती हातात आली की भूक लागत नाही. खड्ड्याला तुम्ही घाबरू नका. तो मीच मोजून खणला आहे, माझ्या मापाचा आहे. लागवड पावसाच्या आधी झालेली बरी, हे बाबांनीच शिकवलं.

२५ मेच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. ती यंदाची शेवटची बोट. भावोजींना म्हणावं, फाटक लावू नका.

सदू

•

दर्याबाग
१८ मे १९२८

सदू,

तार केली आहे, ती मिळाली असेलच. तरी लिहिते.

बोटीत बसायचं नाही. ते तिकीट फाडून टाक. तुझा हात इथे येतो तोवर तो परत तरी जातो. तू देहाने फाटकाच्या आत पाऊल टाकलंस तर परत जायला काही उरणार नाही. केरूने हे मला सांगायची गरज नव्हती, खड्डा बघून मलाच कळलं.

काल मी दुसरं नाव सांगून घेतलं. उजवी पाकळी पडली. तुझं नाव सुटलं. कोणाचं सांगितलं ते विचारू नकोस, माणूस जवळचा आहे आणि बागेच्या कुशीतच राहतो, त्याला लांबून यावं लागणार नाही. ह्यांनी काल बुजवलेला खड्डा आज दुपारनंतर पहिल्यांदाच बुजलेला राहिला. मग मी त्यावर अळू लावलं.

त्या विमलाला सांग, पंधरा दिवस मनगट सोडू नकोस. ही विनंती नव्हे. तुला मी कडेवर वाढवलं आहे, एवढं माझं ऐकायचंच.

आक्का

•

माझगाव, मुंबई
४ नोव्हेंबर १९२८

तीर्थरूप सौ. आक्कास सदूचा साष्टांग नमस्कार.

पावसाळाभर तू दोन ओळींची कार्डं धाडलीस, तरी मी भरभरून लिहितो आहे. माझं वजन पुन्हा भरलं. नखं स्वच्छ. दुपारचा भोंगा झाला की मी आख्खा डबा खातो आणि रामाच्याही डब्यात हात घालतो. दुसऱ्या वर्कशॉपात लागलो आहे, रामाही आता तिथेच आहे. तो मे महिना मला आता धड आठवतसुद्धा नाही, फक्त मनगटावर चार बोटांची खूण राहिली आहे.

ती बोटं जिची, तिच्याशी लग्न ठरलं. वीस डिसेंबरला, मार्गशीर्षात, इथेच खाणावळीच्या माडीवर. आईच्या जागी तू उभी राहायचीस. भावोजींना नवा कोट घालून घेऊन ये. तुझ्याशिवाय अक्षता पडणार नाहीत असं मी गंगुबाईंना सांगून टाकलं आहे.

लग्न झालं की विमलाला घेऊन मी बोटीने येतो. बागेत शिरत नाही, तुझ्या पडवीत बसतो, मग तर झालं? तिला आपला समुद्र दाखवायचा आहे. आणि ज्याने माझ्या जागी नाव दिलं त्याच्या पाया पडायचं आहे. कोण तो, आता तरी सांग.

सदू

•

दर्याबाग
२ जानेवारी १९२९

चि. सदू आणि चि. सौ. विमला यांस अनेक आशीर्वाद.

अक्षता माझ्याशिवाय पडल्या, ते बरं झालं. मुहूर्त चुकवायचा नसतो. मी आले नाही म्हणून तू रुसला आहेस, भावोजींच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. तर आता सगळं सांगते, तुझ्यापासून लपवून एकदा काय झालं ते बघितलंच आहे.

नाव मी माझं सांगितलं. केरू आधी तयार नव्हता. "बायकांचा नाव आजपरयंत कोन सांगतलान नाय," म्हणाला. मी म्हटलं, सांगितलं नाही ते तुम्ही, त्याने कधी नको म्हटलंय? विचारून तर बघ. पाकळी लावून त्याने हात काढला नाही तोवर उजवी पडली. राखणदार इतक्या वर्षांत कोणी विचारील म्हणून वाट बघत होता की काय, देव जाणे.

तेव्हापासून दुपारी मी पडवीत आडवी होते आणि सावली कलली की उठते. अंग दुखतं. नखांत माती असते. बाकी काही नाही, बाबांनी पस्तीस वर्षं हेच केलं. यंदाचे गुलाब बघून बेहरामशेटची बायको म्हणाली, असा हात तिने मुंबईच्या कुठल्या बागेत पाहिला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मला वाटलं होतं, लग्नापुरती चार दिवस येऊन जाईन. नवी चोळी शिवली, लाडू बांधले, भगवती बंदरातून मोठ्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात आम्ही बसलो. बोट उशिरा आली. ऊन डोक्यावर आलं. तांडेल उतारूंची डोकी मोजत होता, मोजून झाल्यावर पुन्हा मोजायला लागला. तुझ्या भावोजींना म्हणाला, "तुमी दोघा होतात ना? बाई खंय गेली?" मी त्यांच्या शेजारीच बसले होते, सदू. त्यांचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचं तोंड असं झालं की मी ते विसरणार नाही. त्यांनी लाकडाची फळी चाचपली, माझ्या मांडीतून. मग मला काही कळलं नाही. जागी झाले तेव्हा पडाव धक्क्याला परत लागत होता, हे रडत होते आणि माझ्या ओच्यात मेंदीचा पाला होता. एवढ्याशा अंतरावर ही गत. मुंबईत तुझ्या माडीवर माझ्या हातून अक्षतासुद्धा उचलल्या गेल्या नसत्या.

ते एक. दुसरं मी मे महिन्यातच तुला सांगायला हवं होतं, पण तेव्हा तू जगावास एवढंच मला हवं होतं. तुझं नाव सोडवताना केरूने गाऱ्हाण्यात अट बोलून घेतली. ज्याचा हात सोडवला त्याने पुन्हा जयगडच्या अलीकडे यायचं नाही. पडवीत नाही, बंदरात नाही, रत्नागिरीच्या कुठल्याही घरात नाही. तुझा हात इथे रुळला आहे. राखणदार तुला ओळखतो. मी हो म्हटलं.

म्हणजे तू इकडे यायचं नाहीस आणि मला तिकडे येता येत नाही. हे लिहायला मला चार दिवस लागले. लिहून झाल्यावर बघते तर एवढीशीच ओळ आहे.

मी रडत नाही असं नाही. सकाळी चूल पेटवताना रडून घेते, मग दिवस मोकळा जातो. पण तू आता दुपारी पोटभर जेवतोस, ते आठवलं की मला माझं काही चुकलं असं वाटत नाही. एकदा चुकले होते, ते मी फेडलं. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि शूरपणा करून बोट पकडू नकोस. विमला, ह्याचं मनगट तू एकदा धरलंस, आता जन्मभर धर.

पुढच्या पत्रात मला तिच्याबद्दल लिही. नुसतं बरी आहे असं नको. उंची किती, हसताना दात दिसतात का, चालते कशी, आवाज कसा आहे, रागावली की काय करते, सगळं. घाई करू नकोस, बसून लिही. आपली भेट आता एवढीच होणार आहे.

तुझी,
आक्का